दहा सेकंदांची धाव, दोन वर्षांची वाट



भरलेला हंडा उचलायचा, चुंबळ नीट करायची, हंडा डोक्यावर घ्यायचा आणि पहिलं पाऊल टाकायचं. एवढं करेपर्यंत साधारण दहा सेकंद जातात. आज आम्ही ज्या बाईची गोष्ट सांगणार आहोत, ती तेवढ्या वेळात शंभर मीटर धावते.

ही गोष्ट सांगायला एक निमित्त झालं. एका गटाच्या बैठकीत आम्ही या धावपटूबद्दल बोललो. आई झाल्यावर ती जगात पहिली आली, असं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मागून एक मावशी म्हणाल्या, "बघा, ती बाळंत होऊन धावायला लागली आणि आमची सून अजून खाटेवरून उठत नाही." सून शेजारीच बसली होती, तिने मान खाली घातली. तेव्हा आमच्या लक्षात आलं की आपण अर्धीच गोष्ट सांगितली. आज पूर्ण सांगतो.

तारीख होती २९ सप्टेंबर २०१९. कतार देशातल्या दोहा शहरात जागतिक मैदानी स्पर्धा चालू होती. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे दोन वाजत आले होते. मैदानातल्या खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या होत्या. बायकांच्या शंभर मीटर शर्यतीची अंतिम फेरी सुरू होणार होती. त्यात जमैका देशाची शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस उभी होती. वय ३२, उंची जेमतेम पाच फूट, केस रंगीबेरंगी रंगवलेले. घरी दोन वर्षांचा मुलगा, झायन.

जमैका हे समुद्रातलं एक छोटं बेट आहे. तिथल्या किंग्स्टन शहरात वॉटरहाउस नावाची गरीब वस्ती आहे, शेली-अ‍ॅन तिथे वाढली. तिची आई रस्त्यावर माल विकून घर चालवायची.

आता ही शर्यत कशी होते ते आधी समजून घेऊ. धावपटू ओणव्या होऊन बसतात. पायांच्या मागे लोखंडी ठोकळे असतात, त्यांना पाय टेकवून जोर घ्यायचा. बंदुकीचा आवाज झाला की सुटायचं. आवाज कानावर पडून शरीर हलेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग तरी जातोच, असं धरलेलं आहे. त्याच्या आत कोणी हललं तर ती आवाजाआधीच सुटली असं मानतात आणि शर्यतीतून बाद करतात. दुसरी संधी मिळत नाही.

सुटल्यावर पहिली काही पावलं शरीर पुढे झुकलेलं असतं. मग धावपटू हळूहळू ताठ होत जाते. निम्मं अंतर कापल्यावर वेग सगळ्यात जास्त होतो. त्यानंतर प्रत्येकीचा वेग थोडा कमी होतोच. जिचा कमीत कमी कमी होतो, ती जिंकते. शेवटच्या रेषेवर हात किंवा पाय मोजत नाहीत, धड रेषेवर कधी पोहोचलं ते कॅमेऱ्याने बघतात.

त्या रात्री शेली-अ‍ॅनने ही शर्यत १०.७१ सेकंदांत जिंकली. म्हणजे सरासरी वेग तासाला ३३ किलोमीटरच्या वर! ब्रिटनची डीना अ‍ॅशर-स्मिथ १०.८३ सेकंदांत दुसरी आली, आयव्हरी कोस्टची मारी-जोजे ता लू १०.९० सेकंदांत तिसरी. शेली-अ‍ॅनने मुलाला कडेवर घेतलं आणि मैदानाला फेरी मारली. या शर्यतीतलं तिचं हे चौथं जागतिक विजेतेपद. याआधी एका आईने ही शर्यत जिंकली होती ती १९९५ साली, अमेरिकेच्या ग्वेन टॉरेन्सने.

आता गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग. झायनचा जन्म झाला ७ ऑगस्ट २०१७ रोजी. दोहाची शर्यत झाली २९ सप्टेंबर २०१९ रोजी. मधे किती काळ गेला? दोन वर्षं आणि वर जवळजवळ दोन महिने. २०१८ मध्ये ती पुन्हा शर्यतीत उतरली, तेव्हा त्या वर्षातली तिची सगळ्यात चांगली वेळ होती १०.९८ सेकंद. बाळंतपणाआधी, २०१२ साली, ती १०.७० सेकंदांत धावली होती. म्हणजे जगातली सगळ्यात वेगवान बाई, व्यायामाने कसलेलं शरीर, आणि तरी एक वर्षानंतर ती आधीच्या जागी पोहोचली नव्हती. त्याला आणखी एक वर्ष लागलं.

असं का होतं? ठोकळ्यावरून सुटताना जो जोर लागतो तो नुसत्या पायांचा नसतो. तो पोटाचा, कंबरेचा आणि ओटीपोटाखालच्या स्नायूंचा असतो. आणि गरोदरपणात ताणले जातात ते नेमके हेच स्नायू. सांधे बांधून ठेवणारे बंध सैल होतात. सिझेरियन झालं असेल तर पोटाचे थर कापून शिवलेले असतात. वरची जखम लवकर सुकते, आतल्या थरांना वेळ लागतो.

हेच स्नायू हंडा उचलताना, सरपणाची मोळी डोक्यावर घेताना, वाकून खुरपताना लागतात. ते भरून यायच्या आत जड ओझं उचललं तर पुढे खोकताना लघवी सुटते, कंबर धरते, कुणाचं अंग बाहेर येतं. आपल्यातल्या किती जणी हे वर्षानुवर्षं लाजेने सहन करतात, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून "आम्ही आठव्या दिवशी शेतात गेलो होतो" असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर आपण प्रेमाने विचारावं, "आणि आत्या, आता कंबर कशी आहे?" आपल्या जुन्या माणसांनी सव्वा महिन्याची रीत उगीच घातली नव्हती. डॉक्टरही सहा आठवड्यांनी तपासणीला बोलावतात.

त्याच रात्री, त्याच मैदानावर, आणखी एक आई धावली. अमेरिकेची अ‍ॅलिसन फेलिक्स. दोन पुरुष आणि दोन बायका अशी चौघांची रिले शर्यत होती, प्रत्येकाने चारशे मीटर धावायचं. तिच्या संघाने विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेतलं. या अंतिम फेरीत भारताचा संघही होता, त्यात व्ही. के. विस्मया आणि जिस्ना मॅथ्यू या आपल्या दोघी मुली होत्या. आपण सातवे आलो.

दहा महिन्यांपूर्वी अ‍ॅलिसनची काय अवस्था होती, ते ऐका. आठव्या महिन्यात ती नेहमीच्या तपासणीला गेली. तिथे कळलं की रक्तदाब धोकादायक वाढलाय. याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. तातडीने सिझेरियन करावं लागलं. मुलगी वेळेआधी जन्मली, तिला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तपासणी झाली म्हणून दोघी वाचल्या.

तिची दुसरी लढाई पैशाची होती. बुटांची नामांकित कंपनी नायकी तिला जाहिरातीसाठी मानधन देत असे. नव्या करारात कंपनीने आधीपेक्षा ७० टक्के कमी पैसे देऊ केले, असं तिने मे २०१९ मध्ये वर्तमानपत्रात उघडपणे लिहिलं. तिची मागणी साधी होती: बाळंतपणाच्या आगेमागे मी हळू धावले, तर माझे पैसे कापू नका. इतर धावपटू आयाही बोलल्या. ऑगस्टमध्ये कंपनीने नियम बदलला आणि गरोदरपणाच्या आसपासचे १८ महिने मानधन कापणार नाही, असं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही हे मागून घ्यावं लागलं.

आता तिसरीचं नाव सांगताना मन जड होतं. शेली-अ‍ॅनचा मुलगा जन्मला त्याच्या आदल्या दिवशी, ६ ऑगस्ट २०१७ रोजी, लंडनमध्ये हीच शंभर मीटरची जागतिक शर्यत झाली होती. ती जिंकली अमेरिकेच्या टोरी बोवीने. शेवटच्या रेषेवर तिने स्वतःला अक्षरशः झोकून दिलं, खाली पडली, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने पुढे राहिली. टोरी खेड्यातली, आजीने वाढवलेली मुलगी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती आणि अ‍ॅलिसन एकाच संघातून धावून सुवर्णपदक जिंकल्या होत्या.

२०२३ च्या मे महिन्यात टोरी आपल्या घरात मृत आढळली. वय ३२. साधारण आठवा महिना चालू होता, कळा सुरू झालेल्या होत्या. बाळही गेलं. तपासणीच्या अहवालात श्वासाचा त्रास आणि एक्लॅम्प्सिया, म्हणजे वाढलेल्या रक्तदाबातून येणारी आकडी, ही संभाव्य कारणं नोंदवली गेली.

मैत्रिणींनो, "ती धट्टीकट्टी आहे, तिला काय होतंय" हे वाक्य आपण किती सहज बोलतो. टोरीएवढी धट्टीकट्टी बाई जगात दुसरी नव्हती. ताकद असली म्हणजे धोका टळतो, असं नाही.

म्हणून ही लक्षणं पाठ करून ठेवा. गरोदर बाईचं डोकं सतत ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येतात, चेहऱ्यावर आणि हातांवर एकदम सूज आली, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखतंय, धाप लागते, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. आशाताईंना कळवा, १०२ किंवा १०८ ला फोन करा. बाळंतपणानंतरचे काही आठवडेही हा धोका असतो. आणि कधी कधी काहीच लक्षण दिसत नाही, रक्तदाब मोजल्यावरच कळतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नका.

पैशाचं काय? शेली-अ‍ॅनला मुलगा झाला त्याच वर्षी, २०१७ मध्ये, आपल्या देशात कायदा बदलला आणि नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. पण रोजाने शेतात जाणाऱ्या बाईला कोण रजा देणार? मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, त्याचा अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे भरता येतो. तो जरूर भरा. पण तेवढ्याने सगळं भागत नाही. उरलेलं आपल्यालाच एकमेकींसाठी करावं लागेल.

आमच्या मनात आलं ते सांगतो. गटातली बाई बाळंत झाली तर दोन-तीन महिने तिचा हप्ता पुढे ढकलता येईल का, दंड न लावता? तिच्या घरचं पाणी आळीपाळीने भरता येईल का? पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. काय ठरलं ते आम्हाला कळवा.

शेली-अ‍ॅन पुढेही धावत राहिली. २०२१ मध्ये ती १०.६० सेकंदांत धावली, ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात वेगवान धाव. झायन तेव्हा चार वर्षांचा होता. शरीराला पुरेसा वेळ मिळाला, तर ते आधीपेक्षाही पुढे जाऊ शकतं.

त्या मावशींच्या गावी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी गोष्ट दोहापासून सुरू करणार नाही. २०१७ च्या ऑगस्टपासून करू, बाळ जन्मलं त्या दिवसापासून. आणि मधली दोन वर्षं गाळणार नाही.