मिस्टर क्लॉक यांची विमानयात्रा

ऑक्टोबर १९७१मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी सीझियमची चार अणुघड्याळे साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. घड्याळांसाठी आसने राखली होती आणि तिकिटावर प्रवाशाचे नाव होते ‘मिस्टर क्लॉक’. परतल्यावर वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतल्या घड्याळांशी ती ताडून पाहिली. पूर्वेच्या फेरीत ती ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती, पश्चिमेच्या फेरीत २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आइन्स्टाइनच्या सूत्रांचा हिशेब होता ४० मागे आणि २७५ पुढे, वीसेक नॅनोसेकंदांची चूकभूल धरून.

हिशेब जुळला, पण चौकस वाचकाला इथेच खटकायला हवे. गती सापेक्ष असेल, तर जमिनीच्या मानाने दोन्ही विमानांचा वेग साधारण सारखाच. मग एक फेरी मागे आणि दुसरी पुढे का? उंचीवर गुरुत्व क्षीण असल्याने घड्याळ जलद चालते हे खरे, पण तो लाभ दोन्ही फेऱ्यांत जवळपास सारखाच होता, १४४ आणि १७९. फरक पडला वेगामुळे, कारण वेग जितका जास्त तितके घड्याळ मंद, आणि तो वेग जमिनीच्या मानाने मोजून चालत नाही. विषुववृत्तावरची जमीन स्वतःच ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे धावते आहे. तिथून ताशी ९०० किलोमीटरने पूर्वेला निघालेले विमान पृथ्वीच्या केंद्राच्या दृष्टीने २,५७० किलोमीटरने जाते. पश्चिमेला निघालेले? तेही पूर्वेकडेच जात असते, फक्त ७७० किलोमीटरने! म्हणजे तिघांत सर्वांत सावकाश तेच, वेधशाळेतले घड्याळ मधल्या वेगाचे.

मग वेग मोजायला पृथ्वीच्या केंद्रापाशी उभी केलेली, न फिरणारी चौकट ही निसर्गाची लाडकी आहे का? सापेक्षतेवर आक्षेप घेणारे नेमके हेच म्हणतात: १८८७मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांना प्रयोगात न सापडलेला ईथर, म्हणजे प्रकाशाचे कल्पित माध्यम, इथे मागच्या दाराने आत आला. मला हा आक्षेप उथळ वाटत नाही, पण तो टिकत नाही. पृथ्वीऐवजी सूर्य स्थिर धरून हिशेब मांडा. आता प्रत्येक घड्याळाला सेकंदाला ३० किलोमीटरचा जादा वेग चिकटतो. विमान कधी त्या वेगाच्या दिशेने जाते, कधी उलट. पण शेवटी सगळी घड्याळे एकाच जागी येऊन भेटतात, म्हणून या जादा वेगाचे देणेघेणे फिटते. सूर्याच्या ओढीचेही तसेच, कारण पृथ्वी आणि विमाने त्या ओढीत जवळपास सारखीच पडत असतात. उत्तर तेच. केंद्राची चौकट निवडली ती हिशेब सोपा होतो म्हणून.

जमिनीची चौकट मात्र नापास होते, कारण ती फिरते. सगळीच गती सापेक्ष, असे आइन्स्टाइन म्हणाला असा समज आपल्याकडे फार पसरला आहे. १९०५च्या सिद्धांतात एकसारख्या, सरळ गतीचीच सापेक्षता आहे. फिरणे बंद खोलीतही ओळखता येते. फुकोच्या लंबकाने ते १८५१मध्येच दाखवले होते.

आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती एक हुकमी पत्ता उरतो. महास्फोटातून उरलेले मंद प्रारण सगळीकडून येते आणि त्याच्या मानाने आपली सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटरने जाते आहे. ही तरी विश्वाची खरी चौकट ना? विश्वाच्या इतिहासाची कालगणना करायला ती सोयीची आहे, खगोलशास्त्रज्ञ ती वापरतातही. पण ती त्या प्रारणाची चौकट आहे, नियमांची नव्हे. खिडक्या बंद करून प्रारण अडवले, तर खोलीतले कोणतेही घड्याळ ते ३७० किलोमीटर सांगू शकत नाही. कधीच न सापडणारा ईथर मानायला तर्काची आडकाठी नाही. भौतिकशास्त्रज्ञ लॉरेंट्झने तो शेवटपर्यंत मानला. पण त्यामुळे एकाही मोजमापात काडीचा फरक पडत नाही.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीच्या केंद्राच्या त्याच चौकटीवर चालतात. त्यांची घड्याळे उंचीमुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद कमावतात, वेगामुळे ७ गमावतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांसाठी ती उड्डाणाआधीच किंचित मंद लावलेली असतात: १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३.