जलतापक, घरगुती

स्नान, भांडी धुणे इ. घरगुती कामांसाठी पाणी तापविणाऱ्या साधनास घरगुती जलतापक म्हणतात. शीत प्रदेशांत बाष्पित्रातील गरम पाणी नळांवाटे सर्व खोल्यांतून फिरवून घर उबदार ठेवतात. कोकणपट्टीत कडाक्याची थंडी पडत नसल्याने अशा योजनेची गरज नसते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत घरातील तापक मुख्यतः स्नानाच्या पाण्यापुरताच असतो.

बंब : महाराष्ट्रातील पारंपरिक जलतापक म्हणजे तांब्याचा बंब. उभ्या नळकांड्याच्या आकाराच्या या भांड्याच्या मध्यातून एक नळी आरपार गेलेली असते. तिच्या तळाशी जाळी असून नळीत कोळसे, लाकडाच्या ढलप्या किंवा नारळाच्या करवंट्या पेटवितात. नळीच्या भिंतीतून उष्णता सभोवारच्या पाण्यास मिळते आणि संनयनामुळे ऊन पाणी वर चढते. काही बंबांत नरसाळ्यातून तळाशी जितके गार पाणी ओतावे, तितके ऊन पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते. तांबे हे उत्तम उष्णतावाहक असल्याने पाणी लवकर तापते. बंब सामान्यतः अंगणात, परसात किंवा मोकळ्या न्हाणीघराशी ठेवीत; त्यामुळे धूर व ज्वलनवायू सहज निघून जात. वाड्यांच्या जागी सदनिका आल्यावर पाणी तापविण्याचे काम लहान, बंद स्नानगृहात आले. आजच्या तापकाची निवड करताना हा बदल मुख्यतः ध्यानात घ्यावा लागतो.

निवड : विजेच्या तापकांचे साठवणीचा व तात्काळ असे दोन प्रकार आहेत. साठवणीच्या तापकात उष्णतारोधक वेष्टनाची टाकी, विद्युत् तापनघटक, तापनियंत्रक आणि दाब कमी करणारी झडप असते. १५ लि. पाणी २५° से.पासून ६०° से.पर्यंत तापविण्यास सु. ०·६ एकक वीज लागते, २ किवॉ.च्या घटकास त्यासाठी सु. १८ मिनिटे पुरतात. बादलीत गार पाणी मिसळून स्नान करणाऱ्या लहान कुटुंबास एवढी टाकी सामान्यतः पुरते. तात्काळ तापकाची टाकी लहान, परंतु शक्ती जास्त (बहुधा ३ किवॉ.) असते, त्यासाठी स्वतंत्र, पुरेशा जाडीची तार आवश्यक असते. कोणताही विद्युत् तापक भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेलाच घ्यावा.

इमारतीच्या गच्चीवरील टाकी दर १० मी. उंचीमागे सु. १ बार दाब निर्माण करते. म्हणून उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर अधिक दाब सहन करणारी टाकी लागते. विंधन विहिरीचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत क्षारांचा थर लवकर साचतो. तेथे आतून काचलेप दिलेली टाकी सोयीची असते.

सौर तापकात संग्राहकातील तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते, म्हणून पंपाची गरज पडत नाही. त्याचा इंधनखर्च जवळजवळ शून्य असतो. परंतु त्यास गच्चीवरील जागा लागते आणि पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसाठी विजेची पूरक सोय ठेवावी लागते.

वायूचा तापक : द्रवरूप खनिज तेल वायूवर किंवा नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालणारा तापक वाहते पाणी क्षणात तापवितो. दोन्ही वायूंसाठी ज्वालकाची रचना भिन्न असल्याने एकाचा तापक दुसऱ्यावर चालवू नये. या तापकाचा खरा धोका दिसत नाही. बंद खोलीत ज्योत जळत राहिली की ऑक्सिजन कमी होतो, ज्वलन अपूर्ण राहते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या सु. २०० पटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे बहुधा थकव्याची समजली जातात आणि स्नान करणारी व्यक्ती दाराची कडी काढण्यापूर्वीच बेशुद्ध होऊ शकते. म्हणून हा तापक स्नानगृहाबाहेर, हवेशीर सज्जात बसवावा व ज्वलनवायू नळीने थेट बाहेर सोडावेत. केवळ निष्कासक पंखा बसविणे पुरेसे नाही. अशी व्यक्ती आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या उघडून तिला मोकळ्या हवेत आणावे, वायूचा पुरवठा बंद करावा आणि त्वरित रुग्णालयात न्यावे.

देखभाल : साठवणीच्या टाकीतील मॅग्नेशियमाचा दांडा स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवितो, तो वेळोवेळी तपासून संपत आल्यास बदलावा. दाबझडप थेंब-थेंब गळते म्हणून ती बुजविणे अत्यंत धोक्याचे असते, कारण तापनियंत्रक बिघडल्यास स्फोट टाळणारे साधन तीच असते. भूसंपर्कन (अर्थिंग) आणि गळती-प्रवाह ओळखून वीज तोडणारा खटका ही दोन्ही असावीत. टाकी पाण्याने भरल्याखेरीज वीज चालू करू नये. वायूच्या तापकाची ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसल्यास वापर थांबवून ज्वालक स्वच्छ करून घ्यावा. बंबाची राख रोज काढीत आणि चिंच व राखेने त्याचे तांबे उजळीत.

विमा : भारतात केवळ तापकाचा विमा सहसा उतरवीत नाहीत, तो घरविम्यात सामावला जातो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विमापत्रात आग, स्फोट, पूर तसेच पाण्याच्या टाक्या, उपकरणे व नळ फुटणे किंवा भरून वाहणे यांमुळे होणाऱ्या हानीस संरक्षण आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास खोऱ्यातील वस्त्यांत पाणी शिरले होते. अशा भागात पुराचे संरक्षण विशेष महत्त्वाचे ठरते. मात्र नेहमीची झीज, तसेच अतिदाब किंवा विद्युत् मंडलातील बिघाड यांमुळे त्याच उपकरणाचे झालेले नुकसान वगळलेले असते. त्याची भरपाई उत्पादकाच्या हमीपत्रावर अवलंबून राहते. म्हणून खरेदीची पावती, हमीपत्र आणि देखभालीच्या नोंदी जपून ठेवाव्यात. विमा मालमत्तेची भरपाई करतो. बंद स्नानगृहातील विषारी वायूपासून जीव वाचविणे मात्र योग्य जागा व खेळती हवा यांवरच अवलंबून असते.