काय गावलं?

कराडच्या प्रीतिसंगमावर सकाळी गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या तात्यांना येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, ‘काय गावलं?’ तात्या मान वर न करता ‘बघू, अजून काय न्हाई’ म्हणतात आणि दोरी पुन्हा फेकतात. मे महिन्यात कृष्णा-कोयनेचं पाणी उतरलं, की वर्षभर नदीला वाहिलेली नाणी गाळात हाताशी येतात. त्या दिवसांत हेच तात्यांचं काम. मी सलग चार सकाळी त्यांच्याजवळ बसलो. चौथ्या दिवशी चप्पल काठावर ठेवून पाण्यातही उतरलो.

जायला कारण भाचा झाला. त्यानं धातुशोधक यंत्र मागवलं होतं. ‘मामा, सुट्टीत कुंभार्ली घाट उतरून गुहागरला जातोय. तिथं किनाऱ्यावर हे चालवलं तर चालतंय ना?’ असं त्यानं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. समुद्र आमच्यापासून लांब, पण पाण्याकाठी धातू शोधणारी माणसं आमच्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणून आधी तात्यांना गाठलं आणि मग कायद्याची पुस्तकं उघडली.

तात्यांचं हत्यार म्हणजे जुन्या लाउडस्पीकरमधलं कडं. तळहाताएवढं, काळं, जड लोहचुंबक. त्याच्या भोकातून नायलॉनची दोरी ओवलेली, दुसरं टोक मनगटाला. फेकायचं, तळाला टेकू द्यायचं आणि बेताबेतानं ओढत आणायचं. घाईनं ओढलं तर ते गाळावरून उड्या मारत येतं आणि काहीच धरत नाही. वर आलं की आधी दिसते ती काळी मिशी. आपला सगळा मुलूख बेसॉल्टचा, त्यामुळे वाळूत लोहयुक्त खनिजाचे कण भरपूर. ते चुंबकाला केसासारखे उभे चिकटतात. तात्या ते अंगठ्यानं निपटून काढतात. मग उरतात बाटल्यांची बुचं, खिळे, ब्लेडचे तुकडे, कधी एखादा नट-बोल्ट. आणि मधूनच एक रुपया.

रुपया चिकटतो याचं कारण टांकसाळीत आहे. १९९२ पासून रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं निघू लागलं आणि या स्टीलला लोहचुंबक धरतं. त्याआधीचा रुपया तांबे-निकेलचा, तो चुंबकाला दाद देत नाही. पितळी रंगाचा पाच रुपयाही नाही. तांबं, चांदी, सोनं यांचा तर प्रश्नच नाही. ‘चुंबकाला गरिबाचंच नाणं कळतं,’ असं तात्या म्हणाले आणि दोरी गुंडाळून त्यांनी घमेलं घेतलं.

घमेल्याचं काम चुंबकाहून अवघड. पायरीच्या सांध्यात साचलेला गाळ हातानं खरवडून घमेल्यात घ्यायचा, घमेलं पाण्याच्या पृष्ठाला टेकवायचं आणि मनगटानं गोल फिरवत हलकं हलकं वाहून जाऊ द्यायचं. आधी पालापाचोळा जातो, मग माती, मग बारीक वाळू. जड ते तळाला बसतं. सोनाराच्या दुकानातली धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी हीच युक्ती वापरतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली शेकडो कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. दुष्काळी माळावरच्या माणसानं मातीतून धातू वेगळा करण्याची विद्या पोटासाठी आपलीशी केली, याचा मला मनापासून अभिमान आहे.

मी घमेलं फिरवलं तेव्हा पहिल्या तीन खेपांना सगळंच वाहून गेलं. चौथ्या खेपेला तळाशी एक काळपट चकती राहिली. मी आनंदानं ओरडलो. तात्यांनी ती नखानं खरवडली. पंचवीस पैसे. २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलेले. तरी ते त्यांनी डब्यात टाकले. ‘देवाला दिलेलं हाय, टाकू नये.’ धुतलेला गाळ मात्र ते परत नदीतच सोडतात, काठावर ढीग लावत नाहीत.

आता कायदा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम २० सांगतं की जी जमीन दुसऱ्या कुणाच्या मालकीची नाही ती राज्य शासनाची. त्यात भरतीरेषेखालचा समुद्राचा तळ येतो आणि नद्या, ओढे-नाले, तळी यांचे तळही येतात. म्हणजे गुहागरची ओली वाळू आणि कराडचा डोह एकाच कलमाखाली आहेत. घाट उतरला म्हणून माणूस मोकळ्या रानात जात नाही. खणणं, वाळू उचलणं याला दोन्हीकडे परवानगी लागते.

वस्तू सापडली तर? दंडसंहितेतल्या जुन्या कलम ४०३ मध्ये, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये, दोन उदाहरणं दिली आहेत. रस्त्यावर रुपया सापडला, मालक माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकून टाकली, तर गुन्हा. ही उदाहरणं मी तात्यांना वाचून दाखवली. त्यांना नवल वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी घमेल्यात सोन्याची नथ आली होती, ती त्यांनी घाटावरच्या पुजाऱ्यांकडे ठेवली आणि सगळ्यांना सांगत राहिले. महिन्याभरानं एक बाई रडत आल्या आणि खूण सांगून घेऊन गेल्या. तात्यांनी कलम वाचलेलं नव्हतं, पण त्यांचं वागणं कलमाला धरूनच होतं.

नाणं जुनं असेल तर गोष्ट बदलते. तात्यांच्या घरी डब्यात एक शिवराई आहे. तांब्याची, हिरवट पडलेली, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, अक्षरं झिजलेली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, १६७४ पासून, हे नाणं सुरू झालं आणि पुढे मराठी मुलखात दीडशे वर्षांहून अधिक काळ खिशात खुळखुळत राहिलं. शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावस्तू, असं १९७२ चा पुरावस्तू कायदा म्हणतो. ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही. शिवाय १८७८ चा गुप्तनिधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठं, कधी. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जागामालकाचा. न कळवता दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि हिस्साही गेला. लोक समजतात सरकार सगळंच घेऊन जातं. कायद्यात तसं नाही. सरकारनं वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देण्याची तरतूद आहे.

डोहातली सुटी शिवराई या व्याख्येत बसते का, यावर वकील वाद घालतील. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती जागा. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास उत्खनन झालं आणि तिथून समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. रोमन जगाशी आपला व्यापार होता, याचा तो ठसा आहे. ती कुणी रात्री खणून विकली असती, तर एक सुंदर बाहुली एवढीच तिची ओळख उरली असती. कोणत्या थरात, कशाशेजारी, किती खोल, हे सांगणारी माती एकदा उकरली की परत रचता येत नाही.

म्हणूनच संरक्षित स्मारकाच्या हद्दीत यंत्र घेऊन जाणं मला अक्षम्य वाटतं. तिथं परवान्याशिवाय खणायला बंदी आहेच. आणि गुप्तधनाच्या नावानं रात्री पूजा मांडणाऱ्यांचं काय? अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणारे नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्यं त्यात गुन्हा ठरली आहेत. आमच्या भागात अजून कुणी कुठल्या पडक्या वाड्यात खड्डा पाडला अशी बातमी कानावर आली, की जीव तुटतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली. अशा पुरानंतर नदीचा तळ बदलतो. काठ ढासळतात, जुनी मडकी उघडी पडतात. आपल्या सातारा-सांगलीत शोधणाऱ्याची खरी कसोटी तेव्हा लागते.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. किनाऱ्यावर हरवलेली किल्ली किंवा कुणाची अंगठी शोधायला यंत्र वापर, पण ओल्या खारट वाळूत ते उगाच वाजेल, तेव्हा प्रत्येक आवाजाला खड्डा काढू नकोस. किल्ल्याच्या, लेण्याच्या, देवळाच्या आसपास यंत्र पिशवीतच राहू दे. आणि काठ ढासळल्यावर तुम्हाला कुणालाही मडकं दिसलं, नांगराला नाणी लागली, तर तिथंच थांबा. हलवू नका, धुऊ नका. जागेचा फोटो घ्या, तलाठ्याला सांगा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. तात्यांची शिवराई साताऱ्याच्या संग्रहालयाला दाखवायचं आम्ही ठरवलं आहे. ती कोणत्या पायरीजवळ गावली, हे त्यांना अजून नेमकं आठवतं.