तारांऐवजी पारदर्शक ट्रे : अलायनरने दात सरळ होतात कसे? पैसे भरण्याआधी हे वाचा

'तारा नाहीत, दुखणं नाही, काही महिन्यांत सरळ दात.' मोबाइलवर अशी जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. जाहिरातीतला पारदर्शक ट्रे म्हणजे अलायनर. तो हवा तेव्हा काढता येतो, हीच त्याची सोय आणि हीच त्याची अडचण.

दात सरकतो कसा?

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. दातावर सतत हलका दाब दिला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. तारा असोत वा ट्रे, तत्त्व हेच. जोर जास्त लावला म्हणून दात लवकर सरकत नाही, उलट मुळाला इजा होऊ शकते.

ट्रे बनतात कसे?

तोंडाचं थ्रीडी स्कॅनिंग होतं. सॉफ्टवेअरमध्ये दातांच्या हालचालीचे छोटे टप्पे पाडले जातात. प्रत्येक टप्प्याचा साचा प्रिंट करून त्यावर गरम प्लास्टिकचा पत्रा बसवला जातो. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. म्हणजे 3 मिलिमीटरसाठी 12 ट्रे. दोन आठवड्यांना एक धरला, तर 24 आठवडे. दात वळवायचा असेल तर गणित आणखी लांबतं.

22 तासांचा नियम

ट्रे दिवसाला 20 ते 22 तास तोंडात हवा. उरलेल्या दोनेक तासांत नाश्ता, दोन जेवणं, चहा आणि ब्रश बसवायचं. ट्रे घालून चहा प्यायला तर डाग पडतात, गरम चहाने प्लास्टिकचा आकारही बिघडू शकतो. ट्रे डब्यात ठेवा. हॉटेलात कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेला ट्रे ताटाबरोबर कचऱ्यात जातो.

ही कल्पना आली कुठून?

झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी 1997 मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. तिचं उत्पादन म्हणजे इन्व्हिजलाइन. 2017 पासून तिची सुरुवातीची महत्त्वाची पेटंट संपू लागली आणि बाजारात इतर कंपन्यांची गर्दी वाढली.

घरबसल्या किट घ्यावं का?

अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीचं उदाहरण पाहा. ग्राहकाने घरीच दातांचा ठसा घ्यायचा, ट्रे कुरिअरने यायचे. सप्टेंबर 2023 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये ती बंद पडली. उपचार अर्ध्यावर असलेल्यांना जवळचा डेंटिस्ट गाठायला सांगण्यात आलं. हप्ते मात्र भरत राहा, असंही सांगितलं गेलं.

मुद्दा फक्त पैशांचा नाही. हिरड्यांचा आजार असताना दात सरकवले तर ते सैल होऊ शकतात. मुळं आणि हाड कसं आहे, हे एक्स-रेशिवाय कळत नाही. घरी घेतलेल्या ठशात ते दिसत नाही.

पैसे भरण्याआधी विचारा

- उपचार कोण करणार? बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलेले डॉक्टर या विषयाचे तज्ज्ञ असतात.
- एक्स-रे आणि हिरड्यांची तपासणी झाली का?
- ठरल्याप्रमाणे दात सरकले नाहीत, तर जादा ट्रेचे पैसे वेगळे का?
- माझ्या केसमध्ये ताराच योग्य आहेत का? जबड्यातच दोष असेल किंवा दात खूप वाकडे असतील, तर अनेकदा तारा जास्त चांगलं काम करतात.
- शेवटी रिटेनर मिळणार का?

हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. उपचार संपल्यावरही दात जुन्या जागी परतू पाहतात. त्यामुळे रिटेनर दीर्घकाळ, बहुधा रात्री, वापरावा लागतो. तो कपाटात पडून राहिला, तर एवढा खर्च आणि दीड-दोन वर्षांची शिस्त वाया जाऊ शकते.