हवेचा तराजू

अहिल्यानगर जिल्ह्यातील घोडेगाव येथे कांद्याचा मोठा बाजार भरतो. शेतकऱ्याच्या कांद्याच्या गोण्या काट्यावर चढतात, तेव्हा त्याची दृष्टी काट्यावरील आकड्यांवर खिळलेली असते. कित्येक महिन्यांच्या श्रमांचे मोल त्या आकड्यांवर ठरावयाचे असते. जुन्या काळी तराजूची दोन पारडी सारखी नसली, तर हलक्या पारड्याला एखादा खडा बांधून ती समतोल करीत. त्या खड्याला पासंग म्हणत. पासंग पाहिल्यावाचून केलेल्या वजनावर शहाणा मनुष्य विश्वास ठेवीत नसे. आजही व्यापाऱ्यांचे काटे सरकारी अधिकारी ठरावीक मुदतीने पडताळून पाहतात आणि त्यांवर शिक्का मारतात.

कांदा डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. तरीही त्याच्या वजनाविषयी एवढी दक्षता घ्यावी लागते. मग ज्याला रंग नाही, वास नाही, अशा हवेतील एखाद्या वायूचे मोजमाप करावयाचे, तर किती दक्षता घ्यावी लागत असेल!

कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. उरलेल्या एका टक्क्यात बहुतांश आर्गॉन आणि अगदी अल्प प्रमाणात इतर वायू असतात. त्यांपैकी कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू, जमिनीकडून आकाशाकडे जाणारी उष्णता शोषून घेतात आणि तिचा काही भाग पुन्हा जमिनीकडे परतवितात. यांना हरितगृह वायू म्हणतात. थंडीत मेंढपाळ अंगावर घोंगडी घेतो, तशी ही पृथ्वीची घोंगडी होय. ती मुळीच नसती, तर पृथ्वी गोठून गेली असती. परंतु ती अधिकाधिक जाड होत गेली, तर पृथ्वी तापू लागते, पाऊसपाण्याची घडी विस्कटते, आणि अहिल्यानगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यास त्याची झळ विशेष लागते.

हे वायू हवेत किती असतात? दहा लाख दाण्यांची, म्हणजे सुमारे तीस-पस्तीस किलो ज्वारी भरलेली एक गोणी डोळ्यांपुढे आणावी. ही गोणी म्हणजे हवा असे मानले, तर तीत कार्बन डायऑक्साइडचे दाणे सुमारे ४२० असतील, मिथेनचे दोनच, आणि नायट्रस ऑक्साइडचा एक दाणा शोधण्यासाठी अशा तीन गोण्या उपसाव्या लागतील. १९५८ साली चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणीस प्रारंभ केला, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे दाणे सुमारे ३१५ होते. अलीकडे ते दरवर्षी दोन-तीन दाण्यांनी वाढत आहेत. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. मोजणाऱ्या यंत्रात तीन दाण्यांचा पासंग राहिला, तर संपूर्ण एका वर्षाची वाढ त्यात लपून जाईल!

आपल्या भागातही अशा मोजणीचे प्रयत्न झाले आहेत. १९९३ साली दक्षिण गोव्यातील काब द राम येथे, समुद्रकाठच्या कड्यावर, काचेच्या बाटल्यांत हवा भरून घेण्यास आरंभ झाला. त्या बाटल्या तपासणीसाठी दूर ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत पाठवीत. २००९ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिंहगडावर असेच नमुने घेण्यास सुरुवात केली. पुढे २०१४-१५ मध्ये तेथील अखंड नोंदींत कार्बन डायऑक्साइडचे सरासरी प्रमाण दहा लाखांत सुमारे ४०६ आढळले. हे प्रमाण पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत सर्वांत अधिक भरले आणि पावसाळ्यानंतर, रानोमाळ हिरवे झाले असता, उतरले. कारण हिरवी पाने हा वायू शोषून आपले अन्न तयार करतात.

बाटलीतील हवा विश्वासार्ह असते, पण तिचे उत्तर उशिरा मिळते. शिवाय वायू तर गावोगाव, शेतोशेत उत्पन्न होत असतात. संगमनेर, राहाता या तालुक्यांतील गोठ्यांत रवंथ करणाऱ्या गाईंच्या ढेकरांतून मिथेन बाहेर पडतो. अकोले तालुक्यात भाताच्या खाचरांत पाणी साचले की चिखलातील सूक्ष्म जीव तोच वायू निर्माण करतात. उसाला दिलेल्या नत्रयुक्त खतापासून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि पाचट पेटविले की कार्बन डायऑक्साइड. या सर्वांचा हिशेब मांडावयाचा तर तराजूच शेतावर नेला पाहिजे. सुमारे दहा किलो वजनाची, पाठीवर घेऊन बांधावरून चालता येईल अशी वायुमापक यंत्रे आता उपलब्ध झाली आहेत.

या यंत्रांचे मूळ तत्त्व जुने आहे. १८५९ साली जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवून दिले की, काही वायू उष्णतेचे अदृश्य किरण शोषतात. प्रत्येक वायू ठरावीक किरणच शोषतो. यंत्रातील छोट्या कोठडीत हवा ओढून घेतात आणि तीत त्या वायूला शोषता येईल असाच लेझर किरण सोडतात. कोठडीच्या दोन टोकांस अत्यंत स्वच्छ आरसे असतात. त्यांवर हजारो वेळा परावर्तित होऊन किरण हातभर कोठडीतच काही किलोमीटरांचा प्रवास करतो. वाटेत किरण जितका क्षीण होईल, तितका वायू अधिक.

तथापि, उत्तम यंत्रही फसू शकते. त्याची तीन कारणे मुख्य आहेत.

पहिले कारण बाष्प. दुधात पाणी मिसळले की फॅट उतरते. त्याचप्रमाणे हवेत बाष्प मिसळले की इतर वायूंचे प्रमाण उतरलेले दिसते. पावसाळी हवेत शेकडा तीन भाग बाष्प असले, तर ४२० च्या जागी सुमारे ४०७ एवढाच आकडा मिळेल. म्हणून बाष्पही मोजून, कोरड्या हवेतील प्रमाण काढावे लागते.

दुसरे कारण खुद्द मोजणारा मनुष्य. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे चार टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट असतो. नळीजवळ एक निःश्वास टाकला तरी सारी मोजणी बिघडते. याकरिता वारा ज्या दिशेने येतो तिकडे नळीचे तोंड ठेवतात आणि स्वतः तिच्या मागच्या बाजूस उभे राहतात.

तिसरे कारण यंत्राचे हळूहळू ढळणे. ऊन, धूळ व प्रवासातील धक्के यांमुळे त्याचा आकडा नकळत सरकतो. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा सुमारे एक षष्ठांशाने कमी असतो. म्हणून कोठडीतील दाब आणि तापमान यंत्राला स्थिर राखावे लागते. एवढ्यावरही पासंग राहतोच. तो काढण्यासाठी, वायूचे प्रमाण अचूक ठाऊक असलेल्या हवेची नळकांडी वापरतात. एका नळकांड्यातील प्रमाण शेतावरील हवेपेक्षा कमी, दुसऱ्यातील अधिक असते. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर यंत्राला ही हवा देऊन पाहतात. ते ४०० ला ४०३ आणि ४५० ला ४५३ म्हणाले, तर तीन वजा करावयाचे. या नळकांड्यांचीही पडताळणी वरच्या प्रमाणाशी झालेली असते. कार्बन डायऑक्साइडचे जागतिक प्रमाण अमेरिकेतील बोल्डर येथील प्रयोगशाळा सांभाळते.

एवढा खटाटोप कशासाठी? समजा, एका शेतकऱ्याने खाचरात सतत पाणी न साठविता, अधूनमधून जमीन उघडी पडू दिली. यामुळे मिथेन कमी होतो. परंतु जमीन आळीपाळीने ओली-कोरडी होत असता नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. लाभ खरोखर झाला की नाही, हे मोजल्यावाचून कसे कळणार? म्हणून खाचरात एक झाकणबंद पेटी ठेवतात, तिची नळी यंत्राला जोडतात आणि पेटीतील वायू दर मिनिटास किती वाढतो ते पाहतात. खोट्या तराजूने मोजले, तर चांगली रीत टाकून दिली जाईल आणि निरुपयोगी रीत गावोगाव पसरेल. मग शेतकऱ्याचे श्रम वाया जातील, आणि पृथ्वीची घोंगडी जाड होत राहील ती वेगळीच.

याकरिता हवा मोजणारा दक्ष मनुष्य शेतावर पोहोचताच यंत्र चालू करून आकडे टिपू लागत नाही. तो आधी वाऱ्याची दिशा पाहतो, नळीचे सांधे तपासतो, नळकांड्यातील हवा देऊन यंत्राची परीक्षा घेतो आणि आढळलेली चूक वहीत लिहून ठेवतो. त्यानंतरच तो खाचराकडे वळतो.