तंबाखू आणि अकाली पिकणारे केस

भिलाईच्या वैशालीनगरात एखाद्या केशकर्तनालयात घटकाभर बसावे, म्हणजे दोन गोष्टी हटकून दृष्टीस पडतात. विशीबाविशीच्या तरुणाच्या कानशिलावर उतरलेली रुपेरी छटा ही एक, आणि त्याच्याच ओठाखाली दाबलेली तंबाखूची चिमूट ही दुसरी. पाहणारा या दोहोंचे नाते तत्काळ जुळवून टाकतो. नाती जुळवण्यात आपली माणसे कधीच मागे नसतात. पण हे नाते खरे आहे काय?

भारतीय माणसाचे केस पंचविशीच्या आत पिकू लागले, तर ते अकाली पिकले असे वैद्यकशास्त्र मानते. केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी मेलॅनिन नावाचे द्रव्य पुरवतात, म्हणून केस काळा दिसतो. हे काम चालू असता तेथे हायड्रोजन पेरॉक्साइडही थोडेथोडे निर्माण होते. शरीर एरवी त्याची विल्हेवाट लावते. ती शक्ती उणावली की ते साचते आणि रंगपेशी निकामी होऊ लागतात. विडी-सिगारेटचा धूर हा भार वाढवतो, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. शिवाय निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, ते वेगळेच.

१९९६ साली ब्रिटनमध्ये ६०६ व्यक्तींच्या पाहणीत धूम्रपान आणि पिकलेले केस यांचा संबंध आढळला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जॉर्डनमधील पाहणीत २०७ जण होते; धूम्रपान करणाऱ्यांचे केस तिशीपूर्वी पिकण्याचा संभव सुमारे अडीचपट दिसला. तथापि संबंध म्हणजे कारण नव्हे. आनुवंशिकता येथे फार बलवत्तर असते. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइड ग्रंथीचा विकार हीही कारणे असू शकतात, आणि त्यांवर उपचार होतो.

आता छत्तीसगडची गोष्ट पाहावी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत येथील सुमारे ३९ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. पण धूर ओढणारे जेमतेम साडेपाच टक्के. बाकीचा सारा कारभार खैनीचा आणि गुडाखूचा. गुडाखू म्हणजे तंबाखू व गूळ यांचा लगदा. सकाळी उठून तो दातांना घासायचा. महाराष्ट्रातल्या मिश्रीची ही सख्खी बहीणच. दुर्ग जिल्ह्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती, तेव्हा मराठी घरांना हे सोयरेपण नवे वाटू नये.

वर सांगितलेल्या दोन्ही पाहण्या धुराच्या आहेत. त्यांचा निष्कर्ष गुडाखूला जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र 'माझे केस तर काळेभोर आहेत' म्हणून चिमूट दाबणाऱ्याने निर्धास्त होणे हा घातक भ्रम होय. त्याच्या बाबतीत पाहायचा पांढरेपणा डोक्यावर नसतो, तो गालाच्या आत असतो. तंबाखू ठेवण्याच्या जागी न पुसला जाणारा पांढरा चट्टा उमटतो, आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. तो बहुधा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. कानशिले न्याहाळून झाल्यावर त्याच आरशापुढे तोंड उघडून पाहावे. दोन आठवड्यांत चट्टा गेला नाही, तर दंतवैद्याकडे जावे.