कागदावर ‘प्रोस्ट्रेशन’ लिहिलंय, म्हणजे काय?

मुरबाड-शहापूरच्या वस्त्यांत आम्ही गेलो की घरोघरी दवाखान्याचे कागद पुढे येतात. त्यांवरचे तीन इंग्रजी शब्द ऐकायला सारखे, पण अर्थाने वेगळे आहेत.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. बाईच्या कागदावर ‘प्रोस्ट्रेशन’ दिसले तर त्याचा या ग्रंथीशी काही संबंध नाही.

प्रोन म्हणजे पालथे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, ऑक्सिजन 94 च्या खाली गेलेल्या रुग्णांना पालथे झोपण्याचा सल्ला केंद्राच्या आरोग्य खात्याने दिला होता. त्याने फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागात हवा नीट पोहोचते. तान्ह्या बाळाला मात्र उताणेच झोपवा.

प्रोस्ट्रेशन हा शब्द लॅटिनमधून आला. मूळ अर्थ, पुढ्यात आडवे पाडणे. त्यातून तीन अर्थ झाले: पालथे पडणे, कुणापुढे लोटांगण घालणे आणि अंगातले त्राण जाणे. डॉक्टर लिहितात तो बहुधा तिसरा. ‘हीट प्रोस्ट्रेशन’ म्हणजे घामावाटे पाणी आणि मीठ गेल्याने उन्हात आलेली ग्लानी.

वीटभट्टीवर किंवा स्लॅबच्या कामावर कुणी मट्‌कन खाली बसले की मुकादम म्हणतो, “नाटक करतोय.” ते नाटक नसते, आजार असतो. सावली आणि पाणी मागताना कुणाच्या पाया पडायचे कारण नाही. विहारात आपण पंचांग प्रणाम करतो तो आदराने. लाचारी सोडा, हे तर बाबासाहेबांनीच शिकवले.

असे करा:

• खूप घाम, चक्कर, मळमळ, पायात गोळे : सावलीत उताणे झोपवा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा. एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट मिसळून घोट घोट पाजा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

• अंग तापलेले, असंबद्ध बोलणे, झटके, बेशुद्धी : हा उष्माघात आहे. लगेच 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर कुशीवर ठेवा, तोंडात पाणी घालू नका.

दवाखान्यातला शब्द कळला नाही तर तिथेच विचारा, “मराठीत सांगा.” तो तुमचा हक्क आहे.